फुकटचे सहा

व्हिओलेता रांजेलोविच पुन्हा नापास झाली हे सगळ्यांत आधी चेदाला कळलं, कारण इंजिनिअरिंग फॅकल्टीच्या काचेच्या दारावर लावलेला निकाल बघायला तिनं त्यालाच पाठवलं होतं. तिला वेळ नव्हता असं नाही. विशी-बाविशीच्या पोरांच्या गर्दीत टाचा उंचावून आपलं नाव शोधायचा तिला कंटाळा आला होता, इतकंच.

"पास व्हायला एक्कावन्न," चेदा दारातूनच म्हणाला, "आणि तुला चव्वेचाळीस."

"कुठे गेले?"

"तिसरा प्रश्न. कपॅसिटरवाला. तिथं भला मोठा भोपळा आहे. बाकी सगळं ठीक."

व्हिओलेतानं समोरच्या पडद्यावरची नजर हलवली नाही. मोरावा नदीकाठच्या त्या शहराच्या वीजवितरणात ती पाळीप्रमुख होती. अर्ध्या शहराचे दिवे तिच्या टेबलावरून लागत आणि विझत, आणि चेदा हा तिच्या हाताखालचा सगळ्यांत जुना वायरमन. तोंडाचा फटकळ, पण निकाल बघायला पाठवावं तर त्यालाच, कारण तो उगाच हळहळत नसे.

"दरवेळी तोच प्रश्न," ती म्हणाली. "दरवेळी कपॅसिटर."

"मी सांगू? तुला दृष्ट लागलीय."

"तू गप्प बस आणि व्हॅनमध्ये तेल भरून ये."

तिनं फॅकल्टीत नाव घातलं तेव्हा देशाचं नाव वेगळं होतं. मग देश मोडला, सकाळी हातात आलेल्या पगारात संध्याकाळी पावाची लादी येईनाशी झाली, वडील अंथरुणाला खिळले, आणि व्हिओलेता तंत्रशाळेच्या दाखल्यावर वितरणात चिकटली. लग्न झालं, मोडलं, मुलगी मोठी झाली. मधल्या काळात एकेक करत तिनं बाकीचे सगळे विषय सोडवले. उरला तो एकच, विद्युतमंडलांचा. आणि आता सरकारनं शेवटचं जाहीर केलं होतं की जुन्या नियमांच्या विद्यार्थ्यांना सप्टेंबरअखेरची ही शेवटची परीक्षा; त्यात निघाला तर निघाला, नाहीतर झालेलं सगळं पाण्यात. पदवीनं तिचा पगार वाढणार नव्हता. तिच्या खुर्चीला पदवी लागतच नव्हती. मग हा खटाटोप कशाला, असं लोक विचारत, आणि ती एवढंच म्हणे, "सुरू मी केलंय ना?"

तेल भरून आल्यावर चेदानं मनातली गोष्ट काढली. "हा विषय ल्युबिशाकडे आहे ना? तुझ्याच वर्गातला. एकाच बाकावर बसायचात म्हणे."

"मग?"

"मग जा की त्याच्याकडे! म्हणावं, ल्युबा, जुनी ओळख आहे, शेवटची खेप आहे, पास होण्यापुरता दहातला एक सहा टाक माझ्या पदरात. गावात फुकटचे सहा कोणी घेतले नाहीत सांग. आपल्या मुख्य इंजिनिअरचे निम्मे सहा तसलेच आहेत."

"म्हणून तर ट्रान्सफॉर्मर जळला की तो मला फोन करतो," व्हिओलेता म्हणाली. "मला फुकटचं नको. माझी चूक कुठे आहे ती मला सापडली पाहिजे. सापडली की बघू."

"आणि नाही सापडली तर?"

तिनं त्याला तिसऱ्या फीडरच्या लाइनवर पिटाळला.

चूक होती खरी विचित्र. पुस्तकातली गणितं ती उघड्या खिडकीत बसून, टीव्ही चालू ठेवून बरोबर सोडवायची. परीक्षेत मात्र कपॅसिटर आला की उत्तर हुकलंच. एकदा उत्तरपत्रिका बघायला गेली होती, तर ल्युबिशाच्या कोवळ्या असिस्टंटनं शेवटच्या आकड्याभोवती लाल गोल काढून म्हटलं होतं, "आकडेमोड चुकलीय, बाई. लक्ष देत चला." लक्ष! अर्ध्या शहराची वीज जिच्या लक्षावर चालते तिला हा लक्ष द्यायला सांगतोय. ती तशीच उठून आली होती आणि पुन्हा तिथं गेली नव्हती.

घरी अंगणात चुलीवर मिरच्या भाजणं चालू होतं. सप्टेंबर होता, आणि सगळ्या गल्लीला लाल मिरच्यांचा धूर सुटला होता. नेवेना, तिची मुलगी, त्याच फॅकल्टीत तिसऱ्या वर्षाला होती, आणि आई ज्या विषयावर अडून बसली होती तो तिनं पहिल्या झटक्यात दहापैकी दहा घेऊन काढला होता. त्यामुळे घरात कधीकधी वातावरण नाजूक असे.

व्हिओलेता भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती आणि मधूनच हात पुसून शेजारच्या स्टुलावरच्या कागदावर चार ओळी लिहीत होती.

"आई, बघू?"

"लांब हो."

"एकदाच. एक नजर टाकते, बोटानं दाखवते, संपलं. तू सुटलीस, मी सुटले, शेजारीपण सुटले."

"शेजाऱ्यांचं काय?"

"काल तू स्वतःशी मोठ्यानं 'उणे गुणिले उणे' म्हणत होतीस. पलीकडच्या आजी विचारत होत्या, आईला बरं नाही का?"

व्हिओलेता हसली, पण कागद तिनं उलटाच ठेवला. "नेवेना, शिकवायचं तर शिकव. पण माझी चूक मला दाखवू नकोस. तू दाखवलीस की मी म्हणणार, हो हो, बरोबर, आणि परीक्षेत पुन्हा तेच करणार. तिथं तू थोडीच बाजूला बसणार आहेस?"

"हट्ट आहे हा."

"आहे."

"बरं, मग ताळा तरी करतेस ना?"

ताळा ती करत होती. ताळ्यावर तर तिचा सगळा भरवसा होता. मंडलातला स्रोत जेवढी शक्ती देतो तेवढीच बाकीचे भाग मिळून घेतात. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे मधली आकडेमोड बरोबर. आणि तिचा ताळा दरवेळी जुळत होता. उत्तर चुकत होतं आणि ताळा जुळत होता, याचाच तिला संताप येत होता.

त्या आठवड्यात तिनं चुकीचा पिच्छाच पुरवला. संमिश्र संख्यांत माणूस कुठेकुठे घसरतो ती एकेक जागा तिनं तपासली. शाळेत उणे एकच्या वर्गमुळाला i म्हणतात, पण वीजवाल्यांचा i प्रवाहात खर्ची पडलेला, म्हणून ते j म्हणतात. त्या j ला j नं गुणलं की उणे एक येतो, तिथं उणे विसरतं का? नाही. छेदात ३ + ४j असेल तर वरखाली ३ − ४j नं गुणायचं, तिथं चिन्ह फिरवायचं राहतं का? नाही. प्रत्येक भागाकारानंतर ती उत्तराला पुन्हा छेदानं गुणे आणि मूळ आकडा परत येतो का ते बघे. येत होता. कंस सोडवताना दुसऱ्या पदाचं चिन्ह? तेही ठीक. ती मिरच्या सोलत होती, बिया काढत होती, आणि बरोबरच्या ओळींचा ढीग वाढत होता. चूक काही त्यात नव्हती.

"मग मीच वेडी आहे," ती रविवारी संध्याकाळी म्हणाली आणि कढईतली मिरच्यांची चटणी, आयव्हार, इतक्या जोरात ढवळू लागली की नेवेनानं मुकाट्यानं तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

परीक्षेला जुन्या नियमांचे मोजकेच लोक होते. टक्कल पडलेला एक जण होता, पुढच्या बाकावरची बाई तर आजी झाली होती. ल्युबिशा स्वतः देखरेखीला आला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण दारातून आत येताना डोकं खाली घालायची सवय तीच. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि व्हिओलेताकडे बघायचं टाळलं. यावरूनच तिनं ओळखलं की त्याच्या कानावर कोणीतरी घातलंय.

तिसरा प्रश्न कपॅसिटरचा होता. शंभर व्होल्टचा स्रोत, त्यावर ३ + ४j ओहमचा भार, आणि स्विच बंद केला, म्हणजे वीजवाल्यांच्या भाषेत तारा मिळवल्या, की शेजारी जोडला जाणारा एक कपॅसिटर. स्विच उघडा असताना स्रोतातून किती प्रवाह जातो, आणि बंद केल्यावर किती?

पहिला भाग तिनं पाणी प्यावं तसा सोडवला. शंभर भागिले ३ + ४j, म्हणजे १२ − १६j. पल्ला, म्हणजे सुईवर दिसणारा प्रवाह, बरोबर वीस अँपिअर. मग कपॅसिटर. वारंवारता आणि धारकता घालून त्याचा अडथळा काढला, तिच्या पेनानं १०j लिहिलं, त्याचा प्रवाह −१०j आला, बेरीज १२ − २६j. पल्ला अठ्ठावीसच्या वर. ताळा केला. स्रोत देतो १२०० + २६००j, आणि भार अन् कपॅसिटर मिळून घेतात १२०० + २६००j. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या.

तिच्या मागे बूट थांबले. ल्युबिशा होता. त्याची नजर कागदावर आहे हे तिला मानेवर कळलं. तो एकदा खाकरला. मग त्याचं बोट हळूच तिच्या कागदाच्या कडेला आलं आणि वर, चौथ्या ओळीकडे सरकू लागलं.

व्हिओलेतानं अख्खा पंजा कागदावर आपटला.

"हात काढा, सर," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"व्हिओलेता, ऐक जरा." तो खाली वाकला. "लिही काहीतरी आणि दे. मी बघतो. तीन जणांचे फोन आलेत मला. शेवटची खेप आहे, कोणी काही म्हणणार नाही."

"मी म्हणेन ना! आयुष्यभर म्हणेन!" आवाज चढला तशी टकल्यानं मागे वळून पाहिलं. ती पुन्हा हळू बोलू लागली. "ल्युबा, तुझ्या पाया पडते, इथून जा. चूक आहे हे तू आताच सांगितलंस. कुठे आहे ते मला शोधू दे."

तो गेला. लाजला असावा, कारण खिडकीशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत उभा राहिला. बोट चौथ्या ओळीकडे सरकत होतं हे तिला दिसलं होतं, आणि आता त्या ओळीकडे बघणंही तिला फुकटचं घेतल्यासारखं वाटू लागलं. तिनं चडफडत वरचा कागद उलटा करून ठेवला आणि नुसत्या दोन उत्तरांकडे बघत बसली. स्विच उघडा, वीस. स्विच बंद, अठ्ठावीस.

याआधीच्या परीक्षांत नुसते आकडे विचारलेले असत. या खेपेला एक स्विच होता, आणि स्विच ही तिच्या रोजच्या खाण्यातली गोष्ट होती. ती डोळे मिटून आपल्या सबस्टेशनमध्ये जाऊन उभी राहिली. सकाळी कापडगिरणी चालू होते, मोटरी गुरगुरतात, प्रवाह दाखवणारी सुई वर चढते. ती फोन उचलते, चेदाला म्हणते, बँक घाल. चेदा कपॅसिटरची बँक घालतो. आणि सुई?

सुई उतरते! दरवेळी उतरते. त्यासाठीच तर बँक घालतात. बँक घातल्यावर सुई विसावरून अठ्ठाविसावर गेली असती तर तिनं आधी चेदाला बाहेर काढला असता आणि मग सबस्टेशन बंद केलं असतं.

म्हणजे अठ्ठावीस खोटे. ताळा जुळला तरी खोटे. आणि उघड्या-बंद स्विचमध्ये फरक कशाचा? फक्त कपॅसिटरचा. बाकी काही बदललंच नव्हतं.

तिनं कागद सुलटा केला. आता चौथ्या ओळीकडे बघायचा हक्क तिनं कमावला होता. कपॅसिटरचा अडथळा: दहा भागिले j. आणि त्यापुढे, बरोबरचं चिन्ह देऊन, ठसठशीत अक्षरात, १०j.

दहा भागिले j म्हणजे १०j? तिनं वरखाली j नं गुणलं. वर १०j, खाली j गुणिले j, म्हणजे उणे एक. उत्तर −१०j. शाळेतल्या पोरालाही यावं असं. छेदातला j वर उचलला की चिन्ह उलटतं, आणि तिनं तो नुसताच उचलून वर ठेवला होता. इतक्या वर्षांत इतक्या वेळा. पुस्तकातल्या गणितांत कपॅसिटर −१०j म्हणून आयताच दिलेला असे. परीक्षेत तो स्वतः काढावा लागे, आणि तिथं तिचा हात घसरे. चूक सुरुवातीलाच व्हायची, मग पुढचं सगळं त्या चुकीला धरून बरोबर व्हायचं. ताळा कसा नाही जुळणार?

पण ही एकच जागा तिनं का तपासली नाही? याचं उत्तर मिळालं तेव्हा तिला भर परीक्षेत हसू फुटलं. वितरणात कपॅसिटर हा घरचा माणूस. गिरण्या खातात, तो देतो. पाळीच्या नोंदीत त्याची शक्ती अधिक चिन्हानं लिहायची, हे ती पहिल्या दिवशी शिकली होती आणि तेव्हापासून रोज लिहीत आली होती. कपॅसिटर म्हणजे अधिक. हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं की तपासावंसंही वाटलं नव्हतं. नोकरीनं तिच्या हाताला अधिक शिकवला होता, आणि j वर आला की हात न विचारता अधिक लिहून मोकळा होत होता.

"काय झालं?" ल्युबिशानं खिडकीपासूनच विचारलं.

"काही नाही, सर. वेळ किती राहिला?"

"थोडाच."

तिनं चौथ्या ओळीपासून खाली सगळ्यावर एक तिरकी रेघ मारली. एवढी मोठी रेघ मारताना कोणी इतकं खूश झालेलं त्या वर्गानं पाहिलं नसेल. मग ती लिहीत सुटली. −१०j. प्रवाह अधिक १०j. बेरीज १२ − ६j. पल्ला साडेतेराच्या आत. सुई विसावरून खाली आली! शेवटचा पोटप्रश्न लिहून व्हायच्या आत ल्युबिशा कागद गोळा करू लागला, आणि तिनं अर्ध्या ओळीत पेन खाली ठेवलं. एक मिनिटही जास्त मागितलं नाही.

दुपारी त्यानं एकेकाला आपल्या खोलीत तोंडी परीक्षेला बोलावलं. व्हिओलेताची पाळी शेवटी आली. टेबलावर तिची उत्तरपत्रिका होती आणि शेजारी तिची गुणपुस्तिका. तिच्यावरच्या फोटोत एकोणीस वर्षांची, केस फुगवलेली एक मुलगी जगाकडे रागानं बघत होती.

"चोपन्न," ल्युबिशा म्हणाला.

तिनं मान हलवली.

"तोंडी एकच विचारतो. तू ती रेघ मारलीस. चूक सापडली कशी? मी तर..." तो थांबला. "मी तर बोट दाखवणार होतो. मला माफ कर."

"बोटानं नाही सापडली," ती म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. गिरणी, सुई, बँक, खोटे अठ्ठावीस. जुळणारा ताळा का फसवतो ते सांगितलं, नोंदीतला अधिक सांगितला. सांगता सांगता उठून फळ्यावर गेली आणि खडूनं दहा भागिले j लिहून वरखाली गुणून दाखवलं. ल्युबिशा खुर्ची मागे रेलून ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं कपाळावर हात मारला.

"हे मी माझ्या पोरांना सांगणार," तो म्हणाला. "ताळा करा, पण त्यानंतर सुईकडे बघा म्हणून सांगणार. ये, बस."

त्यानं गुणपुस्तिका उघडली, त्या विषयाची कोरी राहिलेली ओळ काढली आणि पेन टेकवलं.

"काय लिहितोयस?" व्हिओलेतानं विचारलं.

"सात."

"चोपन्नला किती?"

"सहा. पण तोंडीचा अधिकार माझा आहे. आता जे सांगितलंस ते ऐकून सात देणं काही चूक नाही."

"ल्युबा, पेन उचल."

"अगं, हे फुकटचं नाही, मी मनापासून..."

"माहीत आहे मला. तुझं मन चांगलंच आहे, तेव्हाही होतं." तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "पण त्या सातातला एक तुझा असेल. मला कोणी विचारलं की मी त्या एकापाशी अडखळणार. सहाच्या सहा माझे आहेत. तेवढेच लिही."

मग त्यानं रीतीप्रमाणे आधी आकड्यात सहा लिहिला, मग अक्षरात, तारीख घातली आणि खाली सही केली. व्हिओलेतानं पुस्तिका आपल्याकडे ओढून घेतली आणि ते दोन्ही सहा नीट वाचले. मग तिथंच, त्याच्या समोर, खुर्चीत बसल्या बसल्या ती रडू लागली, आणि डोळे पुसायची तिनं घाई केली नाही.